एक एप्रिल दोन हजार एक

बिटकोजवळ, दुसऱ्या मजल्यावर,
सीए बागमारांनी चष्मा कपाळावर सरकवला
आणि विचारलं,
एक एप्रिल दोन हजार एकला
तुमचं घर कितीचं होतं?

वारशावर कर नाही आपल्याकडे, ते म्हणाले.
कर विकल्यावर.
तेव्हाची किंमत वजा, केलेला खर्च वजा,
उरेल त्यावर.

रतनने त्यांच्याच पॅडवर मांडलं:
निम्मं आईच्या नावावर आधीपासून,
बाबांच्या निम्म्याचे तीन वाटे.
म्हणजे ताई, तुला सहावा हिस्सा.

जेल रोडला परत आल्यावर
मी तो शोधत हिंडले.
जिन्याच्या बारा पायऱ्यांतल्या दोन?
पेरूची ती फांदी, कंपाउंडबाहेर गेलेली,
जिचे पेरू तसेही गांगुर्डे काकूच खातात?
की फाटकाची नुसती कडी,
जी बाबांशिवाय कुणालाच
आवाज न करता लावता आली नाही?

बाबा प्रेसमध्ये होते, एकतीस वर्षं.
स्टॅम्प पेपर मोजायचे.
लोकांची खरेदीखतं, वाटण्या, सोडचिठ्ठ्या
लिहिल्या जायच्या आधी
कोऱ्या त्यांच्या हाताखालून गेल्या.
सुटताना गेटवर झडती. घरी कधी
कागदाचा कपटाही आला नाही.

म्हणूनच बहुधा घराची एकूण एक पावती
बाटाच्या खोक्यात,
वर्षवार, कागदी पट्टी लावून,
पट्टीवर संख्या आणि सही.
ग्रिल, अठ्ठ्याण्णव. बोअर, दोन हजार तीन.
आईच्या गुडघ्यांसाठी कमोड, दोन हजार नऊ.
बागमार खूश. सगळं धरता येईल, म्हणाले,
बोअरपासून पुढचं.
ग्रिल आधीचं, ते एक एप्रिलच्या किमतीत मुरलं.

आणि स्लॅबला एकवीस दिवस
पहाटे उठून आईने पाणी मारलं, ते?
पावती आहे?
नाही.

मोबाइलवर जुनं कॅलेंडर काढलं.
रविवार होता.
मला आठवल्या गच्चीवरच्या कुरडया
आणि त्यांच्यावर राखण बसलेली मी, अभ्यासाचं पुस्तक उलटं.
रतनला काहीच आठवेना.
तो म्हणाला, व्हॅल्युअर आणू, तो लिहून देतो.

सात लाख चाळीस हजार,
आई म्हणाली.
मेथी निवडत होती. वर पाहिलं नाही.

त्या महिन्यात ओझरचा एक जण आला होता.
दोनदा आला. सात चाळीस म्हणाला, रोख.
तुझ्या बाबांनी त्याला चहा पाजला,
फाटकापर्यंत सोडलं,
म्हणाले, घर काय विकायची वस्तू आहे?

तुला विकायचं होतं?

मेथीच्या काड्या एका बाजूला झाल्या.
मला सटाण्याला जायचं होतं. भावाच्या गल्लीत
दोन खोल्या मिळत होत्या, वर पैसे उरत होते.
तुझ्या बीएडची फी भरायची होती.
प्लॉट घेताना माझ्या पाटल्या मोडल्या,
म्हणून नाव लागलं माझं.
नाव लागलं. विचारायला मात्र
कुणी आलं नाही.
मी आत होते. कुरडयांचा चीक ढवळत होते.
आकडा ऐकला, ठेवला.

चोवीस वर्षं ठेवला.
पट्टी न लावता.

रतनने घसा साफ केला.
तो मांडणी सांगू लागला:
आई, तू तुझं निम्मं आत्ताच आमच्या नावे बक्षीस दिलंस
तर पुढे कटकट नाही, किंवा बिल्डर म्हणतोय
दोन फ्लॅट आणि वर काही रक्कम,
किंवा ताईने हक्क सोडला तर...
मी त्याच्याकडे पाहिलं.
तो म्हणाला, उदाहरण देतोय.

आई उठली. गुडघ्यावर हात ठेवून,
मग भिंतीवर, मग दाराच्या चौकटीवर,
जसं रोज उठते.

आता विचारताय ना?
हो.
मग विचार करून सांगते.

आणि मोटर बंद करायला गेली,
टाकी केव्हाची भरून
वाहत होती.